सुटा फोटो

माणूस गेल्यावर मागे काय उरते, या प्रश्नावर मोठमोठ्यांनी आयुष्ये घालवली आहेत. कुणी आत्मा म्हटले, कुणी कर्म, कुणी कीर्ती. जुन्नरच्या बाजारपेठेत उभी हयात फोटो स्टुडिओ चालवलेल्या आमच्या अण्णांचे उत्तर असे होते, की मागे एक फोटो उरतो आणि त्या फोटोत त्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात असतो. तो हात काढायचा कसा, एवढाच प्रश्न.

हे अध्यात्म नव्हते, धंदा होता. आमच्या भागातली जुनी माणसे स्वतःचा म्हणून फोटो काढून घेत नसत. दहावा तोंडावर आला की घरचे लोक कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम काखेत मारून स्टुडिओची पायरी चढत. आजोबा तिसऱ्या रांगेत, अर्धे एका फेट्यामागे. आजी पंगतीत, तोंडात जिलेबी. "एवढाच हाय," असे ते ओशाळून म्हणत. मग अण्णा आजोबांना त्या गर्दीतून सोडवून आणत. शेजाऱ्याचा हात खांद्यावरून उचलत, मांडीवरचे पोर उतरवून ठेवत, मागच्या बाईचा अंबाडा पुसत आणि रिकाम्या जागेत निळे आभाळ भरत. आधी हे काम पात्याने आणि ब्रशने चाले, पुढे कॉम्प्युटरवर. आजोबा मात्र दोन्ही काळांत सारखेच अस्वस्थ दिसत, कारण फोटो निघाला तेव्हा ते वाढपी कुठे अडला आहे हे पाहत होते.

हा त्रास वाचावा म्हणून अण्णांचा आग्रह असे की प्रत्येकाने जिवंतपणी आपला एक सुटा फोटो काढून ठेवावा. त्यासाठी स्टुडिओत खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असे आणि दोरीला बांधलेला एक कंगवा. जुन्नरपासून कळंबपर्यंत कुठल्याही घरात शिरून भिंतीवर पाहा, गेलेला माणूस बहुधा या कोटात सापडेल. ज्याने जन्मात सदऱ्याचे वरचे बटण लावले नाही, तो तिथे गळ्यापर्यंत बंद होऊन बसलेला असतो. कोटाचे मधले बटण तुटल्यानंतरच्या सगळ्यांनी तिथे हात धरून ठेवला आहे. त्यामुळे ते विचारवंत वाटतात.

मी जुन्नरच्या कॉलेजात शिकवायला आलो आणि स्टुडिओच्या वरची खोली भाड्याने घेतली. घरमालक म्हणून अण्णांनी मला नाव, गाव, जात यांपैकी काहीच विचारले नाही. एकदा डावीकडून पाहिले, एकदा उजवीकडून.

"खांदे बरे हायती तुमचे," ते म्हणाले. "सुटा काढून ठिवा, सर."

मी तेव्हा तिशीतही पुरता शिरलो नव्हतो. "इतक्यात कशाला?" मी म्हणालो.

"इतक्यात कशाला म्हननारेच मंग मला वरातीतून काढावं लागत्यात."

त्यांच्या धंद्यातला एकच पराभव ते उघडपणे सांगत. राजुरीचा एक शेतकरी वडलांचा एकुलता एक फोटो घेऊन आला. जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीनंतरचा, म्हातारा आणि बैल दोघेही गुलालाने लाल. अण्णांनी कष्टाने बैल पुसला, म्हाताऱ्याच्या मुठीतली वेसण काढून काठी दिली, मागे आभाळ भरले. मुलाने फोटो उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"हे कोन?"

"तुमचे वडील."

"दिसत्यात तसेच. पन बैल काढल्यावर म्हातारा भलताच कुनीतरी वाटतोय राव. आन्ना, बैल परत घाला."

बैल परत घालावा लागला. अण्णांना ते कायम लागून राहिले. "मानूस सुटा वळखू आला पायजे," ते कुरकुरत. "बैलाच्या जिवावर किती दिस उभं ऱ्हायाचं?"

मग मोबाइल आले. ज्याच्या त्याच्या खिशात स्टुडिओ झाला आणि लोक स्वतःचेच सुटे फोटो दिवसभर काढू लागले. अण्णांचे म्हणणे जगाने इतके मनावर घेतले की त्यांना काम उरले नाही. चाकणला कंपनीत असलेल्या त्यांच्या मुलाने एक लांब लेन्सचा जुना कॅमेरा आणून दिला, वडील घरात चिडचिड करतात म्हणून. तेव्हापासून हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही दोघे माझ्या गाडीतून राजुरीच्या बाजूच्या एका पाझर तलावावर जाऊ लागलो. उजाडल्याशिवाय मात्र निघायचे नाही. तलावाला दोन बाजूंनी ऊस आहे, आणि आमच्याकडे उसातून कोण बाहेर येईल हे सांगता येत नाही. बिबट्याचा सुटा फोटो काढण्याची अण्णांना इच्छा नव्हती.

पुण्याहूनही फोटोवाले येत. झाडपाल्याच्या रंगाचे कपडे घालून आपण दिसत नाही असा समज करून घेतलेली ही मंडळी बांधावर पालथी पडलेली असत, आणि त्यांच्यामधून अण्णा पांढरी पँट, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि माकडटोपी अशा वेषात एखाद्या लग्नाला आल्यासारखे चालत जात. पक्ष्यांची नावे त्यांना ठाऊक नव्हती आणि शिकायचीही नव्हती. त्यांनी आपली दिली होती. काठावर काही न करता तासन्‌तास उभा राहणारा राखी बगळा म्हणजे तलाठी. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा म्हणजे वकीलसाहेब. लांबलचक गुलाबी पायांचा शेकाट्या म्हणजे नवे मास्तर, पँट आखूड झालेले. त्यांच्याशी ते हळू आवाजात बोलत.

"मान वर, साहेब. हनुवटी खाली. अजून जराशी. दोन्ही कान दिसू द्या."

पक्ष्यांचे कान पिसांखाली झाकलेले असतात, असे मी त्यांना एकदा सांगितले.

"मंग टोपी काढायला सांगा," ते म्हणाले.

एका पुणेकराने त्यांच्या कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. सगळे पक्षी बरोबर मध्यभागी, समोर तोंड करून, पासपोर्टला चालतील असे. "काका, यात ॲक्शन नाही," तो सौजन्याने म्हणाला. "उडताना घ्या ना."

"उडताना कोन वळखतं मानसाला?" अण्णांनी विचारले.

चौकटीत दुसरा पक्षी आला की ते बटण दाबत नसत. तो निघून जाईपर्यंत थांबत. "एकल्याचाच पायजे. उद्या कुनाला कापाया लागू नये." टिटवीला हार कोण घालणार आहे, असे मी विचारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिले.

या नियमामुळे एक पक्षी त्यांच्या हाती कधी लागला नाही, तो म्हणजे चक्रवाक. भगव्या रंगाचे हे बदक थंडीत उत्तरेकडून येते आणि कायम जोडीने असते. ही जोडी रात्री शापाने दुरावते आणि नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना हाका मारते, असे जुन्या कवींनी लिहून ठेवले आहे. रात्रीचे मला ठाऊक नाही. दिवसा मात्र ती एकमेकांपासून हातभरही हलत नाही. अण्णा त्यांना नुसते "जोडपं" म्हणत, आणि ते जरा रागानेच.

त्याला कारण होते. अण्णांच्या घरात जोडीचा फोटो हा भांडणाचा विषय होता.

काकू म्हणजे अण्णांची बायको. किरकोळ बांध्याच्या, घाऱ्या डोळ्यांच्या, आणि वरच्या खोलीतल्या भाडेकरूला सोमवारी खिचडी द्यायला न विसरणाऱ्या. त्यांचे सुटे फोटो घरात ढिगाने होते, पण नवऱ्याबरोबरचा एकही नव्हता. लग्नातलासुद्धा. लग्नात अण्णांनी नेमलेल्या माणसाचा उजेड चुकतो आहे हे त्यांना बोहल्यावरून दिसले, आणि अंतरपाट दूर होताच त्यांनी त्याच्या हातातून कॅमेरा घेतला तो परत दिला नाही. तो अल्बम मी पाहिला आहे. नवरी, भटजी, होम आणि रिकामा पाट. सप्तपदीच्या फोटोत काकू एकट्याच चालताना दिसतात. शेल्याची गाठ मारलेली आहे, आणि तो शेला ताणला जाऊन फोटोच्या खालच्या कडेतून बाहेर, थेट पाहणाऱ्याच्या अंगावर आलेला आहे. मुंडावळ्या बांधलेला नवरा उलट्या पावलांनी चालत फोटो काढत होता.

एका वर्षी काकूंच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही असे निघाले. पुण्याच्या डॉक्टरांनी संक्रांतीनंतर ऑपरेशन ठरवले. काकू शांतपणे म्हणाल्या, "आधी जोडीचा फोटू काढा. मंग मी मोटारीत बसते."

अण्णा नाही म्हणाले. काकूंनी दवाखान्यासाठी भरलेली पिशवी रिकामी करून लुगडी पुन्हा कपाटात ठेवली. मुलगा चाकणहून रोज फोन करी. आई म्हणे, बापाला विचार. बाप म्हणे, आईला विचार. तारीख जवळ येत होती आणि दोघेही आपापल्या जागेवरून हलत नव्हते.

मी अण्णांना जिन्यात गाठले. "एक फोटो काढायला तुमचे काय जाते? जन्मभर दुसऱ्यांचे काढलेत."

"म्हनूनच," ते म्हणाले. "सर, ज्या ज्या जोड्या मी काढल्या, त्या समद्या फिरून माज्याकडं आल्या. एकाला कापून द्या म्हनून. लग्नात मीच सांगायचं, जवळ सरका, आनि मंग मीच पातं लावायचं. आता तिचं हे असं. आनि आत्ताच जोडीचा काढू?"

सगळ्याच जोड्यांचे शेवटी तसे होते, फोटो काढा की न काढा, असे मी म्हणालो. तर्क बिनचूक होता.

"आसंल. पुस्तकात आसंल," अण्णा म्हणाले. "मी हातानं कापल्यात."

त्या रविवारी आम्ही खाली उतरलो तर काकू गाडीत मागच्या सीटवर आधीच बसलेल्या. अंगावर शाल, मांडीवर एक फुगलेली पिशवी.

"तू कुटं?" अण्णांनी विचारले.

"बगू तरी द्या, हा मानूस पाखरांना काय काय म्हनतो ते."

तलावावर धुके होते. कांद्याच्या रोपांवर दव पडले होते आणि ऊस गप्प होता. अण्णांनी कॅमेऱ्याचे तिकाटणे लावले, मी थर्मास उघडला, काकू दगडावर शाल पसरून बसल्या. इतक्यात एक शेतकरी पाण्याची मोटार चालू करायला बांधावर आला. तिकाटणे पाहून जरा दचकला.

"पावनं, मोजनीला आला काय?"

"न्हाई. फोटूला," अण्णा म्हणाले.

"कुनाच्या?"

"बदकांच्या."

त्याने थोडा विचार केला. "आमचा बी काढा की एकांदा. बदकं काय, आज हायती उद्या जात्याल."

हे ऐकून अण्णांचा चेहरा खुलला. त्यांनी त्याला बाभळीपुढे उभा केला, सदऱ्याचे बटण लावायला लावले, दोन्ही कान पाहिले आणि फोटो घेतला. शेतकरी खूश होऊन म्हणाला, "मालकिनीला हाक मारू का? गवतालाच आलीय. जोडीनं हुन जाईल."

"नको," अण्णा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," काकू दगडावरून म्हणाल्या. "त्यांच्या कॅमेऱ्यात दोन मानसं मावत न्हाईत."

शेतकरी एकाकडून दुसऱ्याकडे पाहत मोटारीकडे गेला.

धुके विरळ झाले तसे पलीकडच्या चिखलात जोडपे दिसले. दोघे एकमेकांना चिकटून, एकाच दिशेला तोंड करून. अण्णा डोळा लावून थांबले. एक चार पावले चाले, की दुसरा चार पावले चाले. एकाने मान पंखात घातली की दुसराही घाली. ऊन चढले, चहा संपला, नवे मास्तर आणि वकीलसाहेब आपापले फोटो काढून घ्यायला जवळ येऊन गेले. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलेदेखील नाही.

"सरका की वाईच," ते पुटपुटले. "एकानं सरका."

"अवो, ती काय तुमच्या इस्टुडिओत आलीत का?" काकू म्हणाल्या. "एवढ्या लांबनं आलीत मरनाची, ते काय एकेकट्यानं उभं ऱ्हायला?"

तेवढ्यात उसाच्या कडेने एक कुत्रे धावत चिखलात शिरले. जोडी उडाली. कुत्रे भुंकत मधेच घुसल्याने एक बदक तलावावरून वळून दूरच्या बांधापलीकडे गेले, आणि दुसरे फिरून आमच्याच बाजूला, अगदी समोर उतरले. एकटे. स्वच्छ उन्हात, भगवे, मध्यभागी. कित्येक हिवाळे अण्णा ज्याची वाट पाहत होते ते समोर उभे होते. त्याने मान उंच केली आणि फाटक्या भोंग्यासारख्या आवाजात हाका मारायला सुरुवात केली.

अण्णांचे बोट बटणावर होते. बोट तसेच राहिले.

"घ्या ना," मी कुजबुजलो.

"नजर बाहेर चाललीया," अण्णा म्हणाले. "ज्याच्याकडं बगतोय तेच फोटूत न्हाई. बाद."

पलीकडून उत्तर आले. बदक उडाले, आवाजाच्या रोखाने गेले. अण्णांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला, पण ते वळले नाहीत.

मागून काकूंचा आवाज आला. भांडणाचाच होता, पण खालच्या पट्टीतला. "माजी नजर कुटं जाती तुमच्या फोटूत? लग्नाच्या? समद्या फोटूत मी कॅमेऱ्याकडंच बगतीया. भटजी वरडतोय, होमाकडं बग म्हनून, आनि मी कॅमेऱ्याकडं. का? तितं कोन व्हतं?"

कुत्रे पाणी पीत होते. मोटार धकधक करत होती. मी थर्मासचे झाकण लावायला घेतले. ते लागलेलेच होते.

"कोट आनाया पायजे व्हता," अण्णा म्हणाले.

"पिशवीत हाय," काकू म्हणाल्या. "कंगवा बी हाय."

पिशवीत खरोखरच तो काळा कोट होता. जुन्नरच्या दोन पिढ्यांनी मरणोत्तर वापरलेला. काकूंनी त्याचे मधले बटण शिवून आणले होते.

कॅमेऱ्याला दुसऱ्याचा हात लागलेला अण्णांना चालत नसे. त्यांनी कोट चढवला, काकूंना बाभळीपुढे उभे केले, कॅमेऱ्याचा टायमर लावला आणि धावत निघाले. गुडघ्यांनी साथ दिली नाही. फोटोत काकू आल्या, शेजारी रिकामी जागा आली, आणि कडेला कोटाची एक बाही. त्यांनी पुन्हा टायमर लावला, पुन्हा धावले. या वेळी काकू हसताना आल्या, आणि शेजारी रिकामी जागा.

"पाट तेवढा मांडायचा ऱ्हायलाय," काकू म्हणाल्या.

अण्णांनी कॅमेरा तिकाटण्यावरून काढून माझ्या हातात दिला. मुलाच्या बारशातही त्यांनी आपला कॅमेरा कुणाला दिला नव्हता. मग ते जाऊन काकूंच्या शेजारी उभे राहिले, मधे बरोबर वीतभर जागा सोडून.

"जवळ सरका," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. मधी जागा पायजे. कापनाऱ्याला सोपं जातं."

मी चौकट धरली. दोघांचे मिळून चार कान दिसत होते. मी बटण दाबणार तेवढ्यात काकूंनी ती वीतभर जागा ओलांडली आणि अण्णांच्या खांद्यावर हात टाकला. चांगला पंजा रोवून, कुठल्याही पात्याला उचलता येणार नाही असा. अण्णांनी दचकून त्यांच्याकडे पाहिले. फोटो तसाच आला आहे. काकू समोर पाहताहेत आणि अण्णा, नियम मोडून, त्यांच्याकडे.

संक्रांतीनंतर काकू मोटारीत बसल्या. ऑपरेशन नीट झाले. दवाखान्याच्या बाकावर अण्णा तो फोटो शर्टाच्या खिशात घेऊन बसून होते, आणि डॉक्टर बाहेर येऊन बोलेपर्यंत त्यांनी खिशावरचा हात काढला नाही. पुढच्या थंडीत आम्ही तिघे तलावावर जाऊ लागलो. अण्णा आता जोडपे जोडीने काढत, पण उजेड, अंतर आणि माझा चहा यांबद्दल तक्रार करत, म्हणजे त्यांना फार आवडते आहे असे कुणी समजू नये.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठले नाहीत. कुणाला काही त्रास न देता, एकटेच गेले.

दहाव्याआधी फोटोचा प्रश्न निघाला. ज्या माणसाने सगळ्या तालुक्याला सुटा फोटो काढून ठेवा म्हणून सांगितले, त्याचा स्वतःचा सुटा फोटो घरात नव्हता. मुलाने बाभळीपुढचा फोटो बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवला. पाच मिनिटांचे काम आहे, हात तेवढा पुसतो, असे तो म्हणाला. काकूंनी फोटो त्याच्या हातातून काढून घेतला.

"हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "सुटा केल्यावर वळखू यायचं न्हाईत ते."

तेव्हा तो फोटो आहे तसा, अख्खा, चौकटीत बसवून ओटीवर लावला आहे. जिवंत बाईच्या फोटोला हार घालायचा नसतो, म्हणून वडीलधाऱ्यांनी बरीच चर्चा करून एक खिळा कोपऱ्यात आणि एक मधोमध ठोकला, आणि हार फक्त अण्णांच्या अर्ध्यावर घातला. वाऱ्याने तो मधल्या खिळ्यावरून पलीकडे सरकतो आणि दोघांवर येतो. माहीत नसलेले पाहुणे आत येतात, चपला काढतात, आणि दोघांनाही हात जोडून दोन मिनिटे उभे राहतात.

मग काकू आतून चहा घेऊन येतात आणि साखर कमी हवी होती का, विचारतात.